बोट बघायला जानेवारीत नको, सप्टेंबरात ये

अरे तुझा मेसेज वाचला, त्या एक्सेलसकट. मुलुंडचा फ्लॅट विकायचा, ३८ फुटी सेकंडहँड शिडाची बोट घ्यायची, इथे मलेशियात लंकावी बेटाला नांगर टाकून राहायचं, तू आणि बायको दोघांनी बोटीवरूनच ऑफिसचं काम करायचं, आणि जानेवारीत येऊन बोट फायनल करायची. बाकीचं सांगते, पण आधी ते जानेवारीचं कॅन्सल कर. डिसेंबर ते मार्च इथे कोरडा सीझन, ईशान्येचा मस्त वारा, तेव्हा कोणालाही वाटतं की आता इथेच राहावं. सप्टेंबर-ऑक्टोबरात ये, धो धो पाऊस असतो तेव्हा, आणि हॉटेलात उतरू नकोस, आमच्या बोटीवर पंधरा दिवस राहा.

तू म्हणशील मुंबईच्या माणसाला पावसाचं काय कौतुक सांगतेस. पण मुलुंडला पाऊस आला की तू खिडकीत चहा घेऊन बसतोस, इथे पाऊस आला की डोक्यावरचे सगळे हॅच, म्हणजे छताची झाकणं, बंद करावे लागतात आणि हवा यायची जागा तेवढीच असते. आत तीस डिग्री, घामाच्या धारा, दोन माणसं, दोन लॅपटॉप आणि त्यात तुझा क्लायंट कॉल. एसी मरीनात, म्हणजे बोटी बांधायच्या धक्क्यावर, किनाऱ्याच्या विजेवर चालतो, नांगरावर बॅटरीला ते झेपत नाही. मग उशांना बुरशी, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी. टॉवेलला खारं पाणी लागलं की तो धड वाळतच नाही कारण मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं, म्हणून पोहून आल्यावर दोन तांबे गोडं पाणी अंगावर घेतल्याशिवाय आत यायचं नाही हा आमच्याकडचा एकमेव कडक नियम आहे, पाहुण्यांनाही.

आणि सुमात्रा. समोरच्या सुमात्रा बेटावर रात्री ढगांची रांग तयार होते आणि मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून पहाटे इकडे धडकते, साधारण एप्रिल ते नोव्हेंबर, त्या वादळी झोडपणीलाच इथे सगळे सुमात्रा म्हणतात. वाऱ्याचा पत्ता नसतो, मग गार हवेचा एक झोत येतो, त्याने जाग येते आणि थोड्या वेळात चाळीस नॉटचा, म्हणजे ताशी पाऊणशे किलोमीटरचा वारा. नवरा इंजिन चालू करतो, मी हॅच लावून टॉर्च घेऊन पुढे नांगराची साखळी बघायला, कारण आपला नांगर धरून असला तरी शेजारच्याचा सुटून तो आपल्यावर येऊ शकतो. तासा-दोन तासात सगळं शांत. मुंबईचे नऊ म्हणजे इथले साडेअकरा, त्यामुळे ऑफिसच्या आधी राहिलेली झोप काढता येते, तेवढाच फायदा.

साखळीचा हिशोब घरी बसून शीक. पाण्याची खोली पाच मीटर, भरतीला अजून तीन चढणार (मुंबईत पाचच्या आसपास चढतं, इथे कमी), बोटीच्या पुढच्या टोकाची उंची दीड, म्हणजे साडेनऊ, त्याच्या निदान पाचपट, म्हणजे जवळजवळ ४८ मीटर साखळी. ओहोटीला बघून दहा-पंधरा मीटर सोडणारे लोक आहेत, तेच पहाटे दुसऱ्याच्या बोटीवर येऊन आदळतात.

चक्रीवादळाचं विचारलंस, तर लंकावी विषुववृत्तापासून सहा अंशांवर, इतक्या जवळ वाऱ्याला गोल फिरवणारा जोर कमी पडतो म्हणून तशी वादळं इथे क्वचितच. २००४ ची त्सुनामी मात्र इथे आली होती आणि मरीनांचं नुकसान झालं होतं. विजा भरपूर. आमची डोलकाठी उंच, आजूबाजूला पाणीच पाणी, त्यामुळे गडगडायला लागलं की फोन, लॅपटॉप, हातातला जीपीएस सगळं ओव्हनमध्ये, धातूचा बंद डबा म्हणून. नंतर ओव्हन पेटवायच्या आधी उघडून बघायचा बरं का.

गॅसला मी सगळ्यात जास्त घाबरते. एलपीजी हवेपेक्षा जड, घरात गळला तर आपण खिडकी उघडतो, बोटीत तो तळाशी जाऊन साठतो आणि तळाला खिडकी नसते. सिलेंडर बाहेरच्या कप्प्यात हवा, त्या कप्प्याचं भोक थेट समुद्राकडे उघडणारं हवं आणि आत गॅस डिटेक्टर हवा. बोट बघताना सोफ्याचं कापड नंतर बघ, हे आधी बघ.

वीज, तुझ्या एक्सेलमध्ये फ्रिजच विसरलायस. १२ व्होल्टचा फ्रिज या उकाड्यात दिवसाला सहज पन्नास-साठ अँपिअर-अवर खातो, त्यावर दोघांचे लॅपटॉप आणि इंटरनेट, आणि पावसात सोलर अर्धाही देत नाही.

आता कागद. बोट तुमची झाली म्हणून देशात राहायचा हक्क मिळत नाही. भारतीय पासपोर्टवर डिसेंबर २०२३ पासून मलेशियात ३० दिवस व्हिसा लागत नाही, पण ते फिरायला. रिमोट कामासाठी डे रांताऊ म्हणून पास आहे, ३ ते १२ महिन्यांचा, रिन्यू होतो, आयटीवाल्यांना वर्षाला २४,००० डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं, त्याचे नियम त्यांच्या साइटवर स्वतः वाच. वर्षात १८२ दिवस इथे झाले की टॅक्सचा प्रश्न येतो, तो सीएला विचार, आणि कंपनीकडून लेखी परवानगी घे, मॅनेजर तोंडी हो म्हणाला ते धरू नकोस.

फ्लॅट विकू नकोस, भाड्याने दे. बोटीचा खर्च वर्षाला तिच्या किमतीच्या दहा टक्के धरायचा असा इथला ठोकताळा आहे, आणि जुनी बोट असेल तर तोही कमी पडतो. या पाण्यात तळाला बार्नॅकल, म्हणजे चिकटून बसणारे शिंपल्यांसारखे जीव, इतके लागतात की रंग मारूनही मधून मधून उतरून खरवडावं लागतं.

तू दिलीप दोंदे आणि अभिलाष टॉमींचं उदाहरण दिलंयस. दोंदे २०१० ला, टॉमी २०१३ ला आणि तेही कुठेही न थांबता, दोघंही शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईत परत आले, त्यांना दंडवत, पण ते नौदलाचे, मागे तयारी प्रचंड. तुम्हाला भांडी घासून बोट सांभाळायचीय. पाऊस संपला की गेटवेला शिडाच्या बोटी चालवायला शिक, जूनच्या आधी, कारण पावसात तिथे सगळं बंद. दोघांनी शिका. तू पाण्यात पडलास तर बोट वळवून मागे आणायला बायकोलाच यावं लागेल.

खाण्याचं टेन्शन नको, कुआहला, म्हणजे लंकावीच्या मुख्य गावात, तमिळ दुकानांत डाळी, कढीपत्ता, हिंग सगळं मिळतं. गोडा मसाला तेवढा घेऊन ये, आणि कुकरच्या दोन रिंगा, पाच लिटरच्या. खोक्यात भरून आणू नकोस, पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात, कापडी पिशवीत आण.