'बाकी आम्ही बघतो' म्हणणाऱ्यांना मसुदा देऊ नका (केळीवाल्याचा अनुभव)

ताई, करपा या पिकांच्या रोगावरच्या तुमच्या पीएचडीच्या कामाची बातमी करायची म्हणून संस्थेतून फोन आला आणि 'चार ओळी पाठवा, बाकी आम्ही बघतो' असं सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. ते 'बाकी आम्ही बघतो' वाचलं आणि पोटात गोळाच आला. म्हणून हे लांबण.

माझं काम केळीतल्या हरण्या रोगावर, म्हणजे तो आणणाऱ्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूवर होतं. रावेर तालुक्यातल्या एका आप्पांच्या बागेत दोन हंगाम नमुने घेतले. हा विषाणू मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) पसरवतो हे जुनंच आहे. काही झाडं लागवडीनंतर इतक्या लवकर पिवळी पट्टेदार झाली, की टिश्यूकल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांसोबतच रोग आला असावा अशी मला शंका होती. फक्त शंका. मी 'शक्यता आहे' असं लिहून पाठवलं. प्रसिद्धी बघणाऱ्या कक्षातून फोन आला तेव्हा मी गुडघाभर चिखलात उभा होतो. 'जरा सोपं केलंय, चालेल ना?' मी न वाचता 'चालेल' म्हणालो. चूक माझीच.

छापून आलं: टिश्यूकल्चर रोपांमुळेच हरण्या! 'शक्यता' गायब, 'च' दाखल. वर गावाचं नाव आणि आप्पांच्या बागेचा फोटो. चौथ्या दिवशी व्यापारी कात्रण घेऊन बागेत हजर, 'रोगाचा माल' म्हणून भाव पाडायला. खरं तर हा विषाणू माणसाला काहीच करत नाही, आणि घड तर निरोगी झाडांचे होते. पण वाद घालणार कोण? माल उभा, तोड ठरलेली. आप्पा मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. पुढच्या वेळी गेलो तेव्हा फक्त फाटकाला कुलूप होतं. तिसरा हंगाम गेला, पीएचडी वर्षभर लांबली.

दुरुस्ती छापून आणा म्हणायला गेलो तर उत्तर मिळालं, 'नाव आलं ना पेपरात, अजून काय पाहिजे?' मग अर्ज मार्गदर्शकांमार्फत द्या, मग विभागप्रमुखांमार्फत द्या, मग जावक क्रमांक नाही म्हणून परत. बातमी एका फोनवर बदलते, दुरुस्तीला तीन सह्या लागतात! असो, रक्तदाब वाढतो.

माझं मत (तुमच्या संस्थेचे नियम वेगळे असतील, मार्गदर्शकांना आधी विचारा): मसुदा स्वतः मराठीत लिहा, आणि 'शक्यता' हा शब्द सुटा ठेवू नका, तो सहज खोडता येतो. त्याऐवजी 'एकाच बागेत पाहिलं, दुसरीकडे तपासायचं बाकी आहे' असं लिहा. हे काढायचं तर वाक्यच मोडावं लागतं. गावाचं नाव नको, बागेचा फोटो नको, पानाचा जवळून काढलेला चालतो. आणि छापण्याआधी शेतकऱ्याला वाचून दाखवा. मार्गदर्शकांच्या आधी दाखवलं तरी माझी हरकत नाही.

सोपं करणं वाईट नाही, फक्त ते आपण करावं. 'फवारणी करूनही हरण्या का थांबत नाही?' हे मला सगळ्यात जास्त विचारलं गेलं. मी सांगायचो, हा मावा म्हणजे बाजारात प्रत्येक पाटीतली एकेक शेंग चाखत फिरणारं गिऱ्हाईक. रोगट पानावर क्षणभर सोंड टोचली की विषाणू सोंडेला चिकटतो, पुढच्या पानावर टोचली की तिथे उतरतो. औषधानं तो मरेपर्यंत चाखून झालेलं असतं. म्हणून रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करायचं, आणि बागेत किंवा बांधाला काकडी, मिरची, वांगी ठेवायची नाहीत, कारण त्यांच्यावरही हा विषाणू राहतो. एवढं ओट्यावर बसलेल्या माणसांना दोन मिनिटांत पटलं. त्याच गावात आधी स्लाइड दाखवल्या होत्या, तेव्हा निम्मे लोक चहा आला का ते बघत होते.

(अवांतर: प्रोजेक्टर नेऊ नका. केळीचं खोड आडवं कापून न्या. ते खोड नसून पानांच्या देठांखालच्या आवरणांची गुंडाळी आहे, हे शाळेतल्या पोरांना उलगडून दाखवलं की पुढचा अर्धा तास ती तुमची. हातमोजे मात्र घाला, चिकाचे डाग निघत नाहीत.)

करपा बुरशीचा आहे, माझा अनुभव विषाणूचा, त्यामुळे रोगाबद्दलचं माझं म्हणणं तुमच्याकडे जसंच्या तसं लावू नका. पोस्टर कसं करायचं हेही तुम्ही विचारलंय, पण त्यात माझा हात अगदीच वाईट आहे, ते दुसरं कोणीतरी सांगा.