लेझर घ्यायचं की नाही, घेतलं तर सांभाळायचं कसं : वाचकांचे प्रश्न

पत्रा कापणाऱ्या, कोरणाऱ्या आणि जोडणाऱ्या लेझर मशीनबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांमध्ये मशीनची चौकशी जास्त आणि स्वतःच्या कामाची माहिती कमी असते, म्हणून काही उत्तरांत मीच उलट प्रश्न विचारले आहेत.

प्रश्न : नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं युनिट आहे. बहुतेक काम २ ते ६ मिमी एमएसचं (साधं पोलाद), अधूनमधून १६ मिमीच्या बेस प्लेट. डीलर ३ किलोवॉटऐवजी ६ किलोवॉटचं फायबर लेझर (काचेच्या तंतूतून किरण आणणारं) घ्या म्हणतो. काय करू?

आधी मागच्या सहा महिन्यांची मालाची चलनं काढा आणि कोणत्या जाडीचा किती टन पत्रा कापला ते लिहून काढा. १६ मिमीचं काम महिन्यातून एखाद-दोन दिवसांचं निघालं, तर ते बाहेरून जॉबवर्कवर करून घ्या. त्यासाठी दुप्पट पॉवरचे हप्ते भरू नका.

डीलर एक गोष्ट सहसा सांगत नाही. जाड एमएस ऑक्सिजनने कापताना निम्मं काम लेझर करतच नाही. तापलेलं लोखंड ऑक्सिजनमध्ये स्वतःच जळतं आणि त्या उष्णतेवर काप पुढे सरकतो. म्हणून १६ मिमीत पॉवर दुप्पट केली तरी वेग दुप्पट होत नाही. पातळ आणि मध्यम पत्रा नायट्रोजन किंवा हवेने कापताना मात्र जास्त पॉवरचा फायदा रोखठोक दिसतो. म्हणजे तुम्ही ६ किलोवॉट घेतलंच, तर त्याची कमाई २ ते ६ मिमीत होईल आणि त्यासाठी गॅसचं गणित जमायला हवं.

ते गणित असं. २ मिमीच्या नोझलमधून (किरण आणि गॅस बाहेर पडतो ते टोक) १५ बारने नायट्रोजन सोडला, तर तासाला साधारण ३५ घनमीटर जातो. नेहमीच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर असतो, म्हणजे सलग कापत राहिलात तर तो १०-१२ मिनिटांत रिकामा! एसएसचं (स्टेनलेस स्टीलचं) काम जास्त असेल तर लिक्विड नायट्रोजनची सोय करा. एमएससाठी १६ बारचा स्क्रू कॉम्प्रेसर, ड्रायर आणि तेल अडवणारे फिल्टर घेऊन हवेने कापा. काठ किंचित पिवळसर येतो, कडेला थोडी बर (धारदार कंगोरा) राहते, पण पॅनेल आणि ब्रॅकेटच्या कामाला चालतं. ड्रायरवर मात्र काटकसर नको. हवेतून आलेला पाण्याचा किंवा तेलाचा एक थेंबही लेन्सच्या खालच्या प्रोटेक्शन ग्लासवर बसला की तिथेच काळा डाग पडतो.

डेमोला जाताना पत्रा तुमचा घेऊन जा, थोडा गंज चढलेला, नेहमीच्या व्यापाऱ्याकडचाच. शोरूममधला गुळगुळीत पत्रा कोणीही सुंदर कापून दाखवेल. जाडीइतक्याच व्यासाची ५० भोकं सलग पाडायला सांगा आणि शेवटची दहा नीट बघा, कारण मशीनचं कापणारं डोकं तापल्यावरचं खरं रूप त्यांत दिसतं. आणि सर्व्हिस इंजिनिअर नागपुरात राहतो की पुण्याहून यायचा, हे लेखी घ्या.

प्रश्न : आम्ही कूलरच्या बॉड्या बनवतो, २४ गेजचा जीपी (जस्ताचा थर दिलेला) पत्रा. लेझर घेतल्यास सीझनमध्ये वेग वाढेल का?

एकच साइज, एकच जाळी, हजारो नग असतील तर नाही. पॉवर प्रेसवरची डाय (साचा) एका ठोक्यात जे करते, ते लेझरला रेघ-रेघ फिरून करावं लागतं. शिवाय हवा आत येण्यासाठीच्या पट्ट्या नुसत्या कापून भागत नाही, त्या उचलाव्या लागतात. लेझर पत्रा वाकवत नाही. तुमचे मॉडेल दर वर्षी बदलत असतील, तर नवी डाय पाडण्याआधीचे पहिले २०-२५ नमुने जॉबवर्कवर लेझरने कापून घ्या. तेवढाच त्याचा उपयोग. जीपीवर जस्ताचा थर असतो. त्याचा पांढरा धूर छातीला वाईट, तेव्हा जिथे कापाल तिथे धूर ओढणारी डक्ट आहे ना, ते पाहा.

प्रश्न : बुटीबोरीत ३ किलोवॉटचं मशीन आहे. मे महिन्यात दुपारी चिलर (मशीनचं पाणी थंड करणारं यंत्र) अलार्म देऊन बंद पडतो. पावसाळ्यात चिलर ठीक चालतो, पण लेन्स आणि ग्लास वरचेवर जळतात. कंपनी म्हणते ऑपरेटरची चूक.

ऑपरेटरला सोडा. दोन्ही दोष आपल्या हवेचे आहेत, फक्त एक कोरड्या उन्हाचा आणि दुसरा दमटपणाचा.

फायबर लेझर घेतलेल्या विजेपैकी साधारण तिसरा हिस्सा प्रकाशात बदलतो. म्हणजे ३ किलोवॉटच्या बीममागे ६ किलोवॉटच्या आसपास उष्णता चिलरला बाहेर फेकायची असते. चिलरच्या प्लेटवर बाहेरच्या हवेचं कमाल तापमान लिहिलेलं असतं, बहुधा ४० किंवा ४५ अंश. नागपूरचा पारा ४५ वर गेला की टिनाच्या शेडमध्ये भिंतीला चिकटून ठेवलेल्या चिलरच्या तोंडाशी त्याहून जास्त भरतं, कारण त्यानेच फेकलेली गरम हवा तो पुन्हा ओढतो. चिलर मोकळ्या जागेत हलवा, वर सावली करा, गरम हवा शेडबाहेर जाईल असं डक्टिंग करा, आणि उन्हाळ्यात कंडेन्सरच्या जाळीवरची धूळ दर आठवड्याला उलट्या बाजूने हवा मारून काढा. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच भरा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा क्षार आत बसला की तो काढणं महागात जातं.

आता पावसाळा. बाहेर ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो आकडा, २७ अंशांच्या वर असतो. आत फिरणारं पाणी २२ अंशांवर ठेवलंत, तर सोर्सच्या (लेझर जिथे तयार होतो त्या पेटीच्या) आत आणि लेन्सवर दव धरणारच. त्या दवावर लेझर चालू केला की काच गेली. म्हणून पाण्याचं सेटिंग उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत ऋतूप्रमाणे बदला. सोर्स बंद काचेच्या केबिनमध्ये ठेवून तिथे एसी लावा. सकाळी आधी एसी, अर्ध्या तासाने चिलर आणि मग लेझर, हा क्रम भिंतीवर चिकटवा.

आणि कृपा करून शेडमधला डेझर्ट कूलर मशीनकडे तोंड करून ठेवू नका. मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी असते, दव पडण्याचा प्रश्नच नसतो. कूलर तीच हवा ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेवर आणतो, म्हणजे दवबिंदू २४ वर. भर उन्हाळ्यात लेन्स जळाली असं कोणी सांगितलं, की मी आधी कूलर कुठे आहे ते विचारतो.

प्रश्न : माझं वाडीला नेमप्लेट आणि ट्रॉफीचं काम आहे, ८० वॉटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचं) लेझर मशीन आहे. यावर स्टीलच्या पट्ट्या आणि रेक्झिनही कापता येईल का?

ताई, स्टील नाही. सीओटूच्या प्रकाशाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. ॲक्रिलिक आणि लाकूड ती शोषून घेतात, चकचकीत धातू परत फेकतो. फायबरची तरंगलांबी १ मायक्रॉनच्या जवळपास, ती धातूत शिरते पण पारदर्शक ॲक्रिलिकमधून आरपार जाते. तुम्हाला स्टीलवर फक्त अक्षरं कोरायची असतील, तर २० किंवा ३० वॉटचं फायबर मार्किंग मशीन वेगळं घ्या. एकाच मशीनवर दोन्ही कामं बसवायला जाऊ नका.

रेक्झिन तर मुळीच नको. ते बहुधा पीव्हीसीचं असतं, आणि पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो. तुमच्या फुप्फुसांसोबत मशीनच्या रेल आणि आरसेही तो खातो. जाता जाता, सीओटू लेझर १९६४ साली बेल लॅब्जमध्ये शोधला तो कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव फारसं दिसत नाही, याचं मला नवल वाटतं.

प्रश्न : आयटीआय करून कामाला लागलो. मालकांनी दीड किलोवॉटचं हातात धरायचं लेझर वेल्डिंग आणलं आहे. गॉगल एकच आहे, तो मी घालतो. हेल्पर वेल्डिंगची काळी काच धरतो. चालेल ना?

नाही चालणार, आजच थांबवा. हा चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गाचा लेझर आहे आणि त्याचा बीम डोळ्यांना दिसत नाही. जो लाल ठिपका दिसतो तो फक्त निशाणा. एसएसवरून उसळलेला बीम पाच-सात फुटांवर उभ्या माणसाच्या डोळ्यात गेला तर डोळ्याचा आतला पडदा जळतो, आणि पडद्याला वेदना नसतात, त्यामुळे लगेच कळतही नाही. काळी काच आर्कच्या उजेडासाठी बनवलेली असते. या बीमसाठी ती तपासलेली नसते. गॉगलच्या फ्रेमवर १०७० किंवा १०८० नॅनोमीटर ही तरंगलांबी ज्या पट्ट्यात येते तो पट्टा आणि त्यापुढे ओडीचा (काच किरण किती अडवते त्याचा) आकडा छापलेला हवा. तो आकडा किमान किती हवा ते मशीनच्या पुस्तिकेत असतं. छापील आकडा नसलेला हिरवा गॉगल फुकट मिळाला तरी घेऊ नका. जेवढी माणसं त्या जागेत, तेवढे गॉगल.

आणखी एक गोष्ट तपासा. जॉबला, म्हणजे जोडायच्या तुकड्याला, मशीनच्या वायरची क्लिप लावल्याशिवाय आणि नोझल जॉबला टेकल्याशिवाय बीम सुटू नये, अशी सोय या मशीनमध्ये असते. घाईत ती क्लिप टॉर्चलाच अडकवून ठेवायची सवय मी अनेक शेडमध्ये पाहिली आहे. तुमच्याकडे क्लिप तशी अडकवलेली असेल तर आधी ती काढा. वेल्डिंगच्या जागेभोवती पत्र्याचं पार्टिशन घाला, ॲक्रिलिकचं नको. का ते वरच्या उत्तरात आलंच आहे. मालक ऐकत नसतील तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या.