वाचक विचारतात : लॅपटॉपची बॅटरी लवकर का थकते?

प्रश्न : मी घरून काम करते. लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावलेला असतो, चार्ज कायम १०० टक्के. दोन वर्षांपूर्वी पाच तास चालणारी बॅटरी आता दीड तासात संपते. भरल्यावर चार्जर काढून ठेवायला हवा होता का? – अकोला

उत्तर : बॅटरी भरली की चार्जिंगचं सर्किट तिच्याकडे जाणारा प्रवाह आपोआप थांबवतं आणि लॅपटॉप थेट अडॅप्टरवर चालतो. त्यामुळे ती ‘जास्त भरते’ ही भीती नको. नुकसान होतं ते महिनोन् महिने पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहिल्यामुळे. लॅपटॉपची बॅटरी लिथियम-आयन सेल जोडून बनते; भरलेल्या एका सेलचं व्होल्टेज ४.२ व्होल्टच्या आसपास असतं, काही नव्या सेलमध्ये ४.४ पर्यंत. इतक्या व्होल्टेजला आतलं इलेक्ट्रोलाइट (लिथियम वाहून नेणारं द्रावण) हळूहळू विघटित होतं, इलेक्ट्रोडवर थर साचत जातो आणि त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. क्षमता घटते ती अशी. उष्णतेत हे सगळं झपाट्याने होतं. ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी वाढलं की झीज दुप्पट. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि लॅपटॉपची स्वतःची धग वेगळीच. पूर्ण चार्ज आणि ही उष्णता एकत्र आली की दोन वर्षांत बॅटरी थकणं अगदी शक्य आहे.

म्हणून सारखा चार्जर काढत-लावत बसू नका, चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा घाला. लेनोव्होत ‘व्हँटेज’ ॲप उघडून पॉवरच्या भागात ‘कॉन्झर्व्हेशन मोड’ चालू करा. लेनोव्होच्याच थिंकपॅडमध्ये चार्जिंग कुठे सुरू व्हावं आणि कुठे थांबावं हे दोन्ही आकडे ठरवता येतात. आसुसमध्ये ‘मायआसुस’ ॲपमध्ये बॅटरीची काळजी घेणारा पर्याय आहे. डेलमध्ये ‘पॉवर मॅनेजर’ किंवा बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘कस्टम’ निवडून सुरुवात ५० आणि शेवट ८० ठेवा. एचपीच्या ऑफिससाठीच्या बऱ्याच मॉडेलांत लॅपटॉप सुरू होताना एफ१० दाबून बायोसमध्ये जावं लागतं. तिथे ‘बॅटरी हेल्थ मॅनेजर’ सापडेल. प्रवासाला निघायचं असेल किंवा वीज जाण्याची सूचना असेल, तर आदल्या रात्री मर्यादा काढून १०० करून घ्या. एक रात्र पूर्ण भरलेली राहिल्याने काही बिघडत नाही.

तुमच्या लॅपटॉपमध्ये ही सोय नसेल तर निदान उष्णता कमी करा. मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा, गादीवर किंवा उशीवर ठेवून काम करू नका, जाळीतली धूळ साफ करून घ्या. गेलेली क्षमता मात्र यातल्या कशानेही परत येणार नाही. पुढची झीज मंदावेल, इतकंच.

प्रश्न : नवा लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाले, पहिल्यांदा आठ तास चार्ज करा आणि दर वेळी पूर्ण संपल्यावरच चार्जर लावा. – कराड

उत्तर : हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीसाठीचा. लिथियम-आयनला तो उलट अपायकारक आहे. २०-३० टक्क्यांवर आली की खुशाल चार्जर लावा. अर्धी वापरून दोनदा भरली तरी हिशेबात एकच आवर्तन (पूर्ण भरून पूर्ण वापरण्याची एक फेरी) धरलं जातं, त्यामुळे थोडं थोडं चार्ज केल्याने आवर्तनं वाया जात नाहीत. जवळजवळ रिकामी करण्याचा उपयोग एकाच प्रसंगी : ३० टक्के दिसत असताना लॅपटॉप अचानक बंद पडत असेल, तर एकदा पूर्ण भरून ५ टक्क्यांपर्यंत वापरा आणि पुन्हा सलग भरा. त्याने टक्क्यांचा अंदाज सुधारतो, क्षमता वाढत नाही. तरीही बंद पडत राहिला तर सेल थकला आहे.

प्रश्न : बॅटरी किती उरली आहे, हे घरी कसं तपासायचं? – ठाणे

उत्तर : विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’ सलग लिहा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहून (powercfg /batteryreport) एंटर दाबा. अहवालाची फाइल कुठे ठेवली ते पडद्यावर दिसेल. ती ब्राउझरमध्ये उघडा. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असतानाची क्षमता, ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. समजा ५०,००० पैकी ३५,००० मिलिवॉट-तास उरले, तर बॅटरी ७० टक्के शिल्लक आहे. ६० च्या खाली आल्यावर आणि वेळ पुरत नसेल तरच बदलायचा विचार करा. मॅकबुकमध्ये सेटिंग्जच्या ‘बॅटरी’ भागात हा आकडा थेट दिसतो. हल्लीच्या मॅकबुकच्या बॅटरीसाठी ॲपल १,००० आवर्तनं धरते.

प्रश्न : दोन-तीन महिने लॅपटॉप वापरणार नाही. कसा ठेवू? – सावंतवाडी

उत्तर : चार्ज ५० टक्क्यांच्या आसपास आणा आणि ‘स्लीप’ न करता पूर्ण बंद करा. स्लीपमध्ये बॅटरी थोडी थोडी झिरपते. ती शून्याला जाऊन तशीच पडून राहिली की सेलचं व्होल्टेज फार खाली उतरतं आणि सुरक्षा सर्किट पुढे चार्जच होऊ देत नाही. पावसाळा असेल तर कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. दोन महिन्यांनी चार्ज पाहून पुन्हा अर्ध्यावर आणा.

प्रश्न : मोबाइलच्या सी-टाइप चार्जरने लॅपटॉप चार्ज केला तर बॅटरी खराब होते का? – नाशिक

उत्तर : चार्जर ‘पॉवर डिलिव्हरी’ (पीडी) या पद्धतीचा आणि दर्जेदार असेल तर नाही, किती व्होल्टेज घ्यायचं ते लॅपटॉप आणि चार्जर आपापसांत ठरवतात. ६५ वॉटच्या लॅपटॉपला ३० वॉटचा चार्जर लावला तर चार्जिंग हळू होईल आणि जड काम करताना बॅटरी उतरतही राहील. काही मॉडेलं इतका कमी वॉटचा चार्जर घेतच नाहीत.

प्रश्न : टचपॅड मधोमध वर आला आहे, क्लिक नीट होत नाही. झाकणही बसत नाही. – पुणे

उत्तर : बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे. इलेक्ट्रोलाइटचं विघटन होताना तयार झालेला वायू सेलच्या बंद पाकिटात साठतो. लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जर काढा आणि पुन्हा लावू नका. झाकण दाबून बसवायचा प्रयत्न नको, टोचून वायू काढणं तर मुळीच नको : आतले थर एकमेकांना टेकले की शॉर्ट होऊन आग लागू शकते. पडदे, कागद, गादी यांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि शक्य तितक्या लवकर सर्व्हिस सेंटरला फोन करून बॅटरी फुगल्याचं आधीच सांगून न्या. जुनी बॅटरी तिथेच जमा करा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची व्यवस्था करणं उत्पादकाची जबाबदारी आहे, आणि घंटागाडीत टाकलेली बॅटरी दाबली गेली तर कचऱ्याच्या गाडीतच पेट घेऊ शकते.