सांगोल्यातून एकच माणूस अकरा वेळा आमदार कसा काय झाला?

तुमच्याकडे दर निवडणुकीला आमदार बदलतो, मग सांगोल्यानं गणपतराव देशमुखांना अकरा वेळा कसं निवडून दिलं आणि त्यांच्यानंतर तिथं काय झालं, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातलाच. पोटापाण्यासाठी पुण्यात असतो, पण मतदानाला अजून गावी जातो.

पहिली गोष्ट, अकरा वेळा म्हणजे सलग अकरा वेळा नव्हे. १९६२ ला ते शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) पहिल्यांदा निवडून आले, १९६७ ला पुन्हा. १९७२ ला काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना पाडलं. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत आले आणि मग ७८, ८०, ८५, ९० असे निघत गेले. १९९५ ला पुन्हा पडले. त्यानंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४. बेरीज केली तर आमदारकीची पन्नासएक वर्षं भरतात. पक्ष एकच, लाल बावटा. तालुका एकच.

बाहेरच्या माणसाला यावरून वाटतं की सांगोला म्हणजे एकतर्फी मामला. आमच्या घरात तरी तसं कधीच नव्हतं. आजोबा शेकापचे, मामा काँग्रेसचे. निवडणूक आली की दोघं एकमेकांच्या दारातला चहासुद्धा टाळायचे. गावोगाव हेच. निम्मा तालुका आबांचा, निम्मा आबांच्या विरोधात, आणि मधली थोडी मतं जिकडं झुकतील तिकडं गुलाल. (गणपतरावांना सगळे आबा म्हणायचे. आमच्याकडे तालुक्यातले दुसरे पुढारी दीपक साळुंखेही आबाच, त्यामुळं नुसतं ‘आबा’ म्हटलं की ‘कंचं आबा?’ हा प्रश्न ठरलेला.)

१९९५ चा पराभव किती मतांनी झाला ठाऊक आहे? १९२. समोर काँग्रेसचे शहाजीबापू पाटील होते, तेव्हा अगदी तरुण. मी त्या वेळी प्राथमिक शाळेत होतो. आकडा कळला तेव्हा आजोबा अंगणात बसले होते, ते काही बोललेच नाहीत. ज्वारीची काढणी चालू होती आणि मतदानाच्या दिवशी आमच्या रानातले सहा-सात जण ‘उद्या पाऊस आला तर कडबा भिजंल’ म्हणून काढणी सोडून गेलेच नव्हते. पुढं कितीतरी वर्षं काढणीला बसलं की आजोबा ते काढायचे. ‘आपल्या रानातली सात. अशी पंचवीस-तीस रानं धरा.’ हिशेब बरोबरच होता म्हणा.

आता मूळ प्रश्न, एवढ्यांदा निवडून आले कसे. साधेपणा, एसटीनं प्रवास, आमदार निवासातली खोली, हे तुम्ही वाचलंच असेल. ते खरं आहे, पण नुसत्या साधेपणावर कुणी अकरा वेळा निवडून येत नाही. जातीचं गणित सांगणारेही भेटतील. आबा धनगर समाजाचे, तालुक्यात हा समाज मोठा, आणि त्याचा आधार होताच. नाही म्हणणारा खोटं बोलतो. पण मतदारसंघ खुला आणि मराठा मतदारही भरपूर. नुसत्या जातीवर १९६२ पासून २०१४ पर्यंत टिकता येत नाही.

मला वाटतं खरं कारण संघटना. गावात चार-पाच पक्की शेकापची घरं असायचीच. चारा छावणी, रोजगार हमीचं काम, सूतगिरणीतली नोकरी, कुणाचं तहसीलला अडलेलं काम, सगळं या घरांतून फिरायचं. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि चालली, याचं आम्हाला अजून अप्रूप आहे. आणि दुष्काळी भागाच्या पाण्याचा विषय त्यांनी कधी सोडला नाही. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासोबत आटपाडीच्या पाणी परिषदेत ते वर्षानुवर्षं उभे राहिले.

इथं मामांची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती चूक नव्हती. ते म्हणायचे, ‘माणूस चांगला, पण कायम विरोधात. पाणी कोण देणार?’ १९७८ ला शरद पवारांच्या मंत्रिमंडळात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या सरकारात (पणन आणि रोजगार हमी खातं) एवढे दोनच काळ आबा मंत्री होते, बाकी विरोधी बाक. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी यायला पिढ्या गेल्या. मधल्या काळात आम्हाला तारलं ते डाळिंबानं. रोजगार हमीतून फळबागेचं अनुदान सुरू झाल्यावर माळरानावर बागा लागल्या, बंगले झाले. मग डाळिंबावर तेल्या रोग आला, मागून खोडाला भोकं पाडणारी कीड आली, आणि कितीतरी बागा मुळासकट उपटल्या. आमची दोन एकर त्यातलीच.

२०१९ ला वय झालं म्हणून आबा थांबले. पक्षानं आधी दुसऱ्याच एकाचं नाव जाहीर केलं होतं. कार्यकर्ते हटून बसले, तेव्हा नातू डॉ. अनिकेत देशमुखांना उभं केलं. समोर पुन्हा शहाजीबापू, या वेळी शिवसेनेकडून. निकाल ७६८ मतांनी बापूंच्या बाजूनं. १९९५ ला पाडणारा माणूस चोवीस वर्षांनी परत आला, तोही असा काठावर. मधल्या काळात पडूनही बापूंनी तालुका सोडला नाही, हे विरोधकसुद्धा मान्य करतात. आबा ३० जुलै २०२१ ला गेले.

पुढच्या वर्षी गुवाहाटीहून बापूंचं ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, एकदम ओक्के’ झालं आणि अख्ख्या महाराष्ट्राला सांगोल्याचा आमदार पाठ झाला. पुण्यात ऑफिसमध्ये लोक मला ओक्के म्हणून हाक मारायचे. हसू यायचं, पण ज्या तालुक्यात बाभळीशिवाय सावली मिळत नाही तिथल्या माणसाला झाडी बघून भरून आलं तर त्यात नवल ते काय!

२०२४ ला तिरंगी लढत झाली. बापू शिंदेंच्या शिवसेनेकडून, दीपक साळुंखे मशालीवर आणि शेकापकडून आबांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. बाबासाहेब पंचवीस हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. शेकाप परतला म्हणून मोठा गुलाल उधळला, पण विरोधातली मतं दोन ठिकाणी फुटली होती. ती एक झाली असती तर काय झालं असतं, यावर आमच्या पारावर अजून भांडणं होतात.

‘अकरा वेळा, देशातला विक्रम’ असं फॉरवर्ड येतं, ते पुढं पाठवू नका. केरळचे के. एम. मणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा आणि ओमन चंडी पुथुप्पल्लीतून बारा वेळा निवडून आले. महाराष्ट्रापुरतं म्हणा, चालेल.

आकडे स्वतः बघायचे असतील तर निवडणूक आयोगाच्या यादीत ‘सांगोले’ शोधा, क्रमांक २५३. आम्ही कुणी सांगोले म्हणत नाही, पण कागदावर तेच आहे. लोकसभेला हा भाग आधी पंढरपूरमध्ये होता, २००९ पासून माढ्यात आहे, त्यामुळं जुने आकडे काढताना तिथं घोळ होतो.