गळ्यातली गाठ अन् सकाळची गोळी

प्रश्न: डॉक्टरसाहेब, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यावरची, वय 41. चार वर्षांपासून थायरॉईडची गोळी चालू हाय, डॉक्टर म्हणतात तुमाले हाशिमोटो हाय. आता टीएसएच नॉर्मल आला पण सोनोग्राफीत उजवीकडे 1.6 सेंटीमीटरची गाठ निघाली, रिपोर्टवर टायरॅड्स 3 लिहिलं हाय. गोळी रोज घेतो मी, मग गाठ काऊन झाली? जाऊ म्हणते ऑपरेशन करून टाक, सुई टोचली तं कॅन्सर पसरते. मले लय भेव वाटते.

उत्तर: ताई, टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी, नॉर्मल आहे म्हणजे तुमची गोळी बरोबर चालली आहे, बस एवढंच. गाठीबद्दल तो काहीच सांगत नाही, कॅन्सरच्या गाठीतही टीएसएच नॉर्मल असू शकतो. गोळी शरीरात कमी पडलेलं हार्मोन भरून काढते, गाठ विरघळवायचं औषध नाही ते, त्यामुळे तुमचं काही चुकलं असं डोक्यातून काढून टाका.

हाशिमोटो हे नाव जपानी सर्जनचं, त्यांनी 1912 मध्ये हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला. यात आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उठते, अँटी टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीची रक्ततपासणी) वाढलेला दिसतो तो त्याचाच. वर्षानुवर्षं सूज राहून ग्रंथी सोनोग्राफीत एकसारखी दिसत नाही, पावसाळ्यात चिबडलेल्या वावरासारखी, कुठं काळपट कुठं पांढरट. कधी कधी असा सुजलेला तुकडाच गाठ म्हणून रिपोर्टात येतो, अन् दुसऱ्या कोनातून पाह्यलं की ती गाठच नसते! पण खरी गाठही असू शकते म्हणून नुसतं सोडूनही देता येत नाही.

टायरॅड्स हा गाठीच्या दिसण्याचा हिशोब, 1 ते 5. तुमचा 3, म्हणजे संशय कमी. प्रचलित अमेरिकन पद्धतीत 3 मधल्या गाठीला साधारण 2.5 सेंटीमीटर झाल्यावर सुई, म्हणजे बारीक सुईनं गाठीतल्या पेशी काढून तपासणं, अन् 1.5 च्या पुढे असली तर वर्षाने परत सोनोग्राफी. तुमची गाठ रानबोराएवढी, तर सध्या पाहत राहायचं. हाच 5 असता तर 1 सेंटीमीटरलाच सुई सांगितली असती. घरात कोणाला थायरॉईडचा कॅन्सर झाला असेल किंवा लहानपणी मानेला रेडिएशन दिलं असेल तर मात्र डॉक्टरला आधीच सांगा, मग हिशोब बदलतो.

सुईनं कॅन्सर पसरते म्हणणाऱ्या जाऊबाईंना सांगा की थायरॉईडच्या बारीक सुईत तसं होणं अगदीच क्वचित. मला त्या सुईपेक्षा जास्त त्रास न विचारता केलेल्या ऑपरेशनचा वाटतो, कारण त्यात आवाजाची नस अन् कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी जवळच असतात. पुढे कधी सुई झालीच तर तपासणाऱ्याला हाशिमोटो आहे हे लिहून द्यायला लावा, नाहीतर सुजेच्या पेशी पाहून रिपोर्ट गोंधळाचा येतो.

थांबायचं कधी नाही ते सांगतो. गळा दोन-चार आठवड्यांत भराभर फुगला, आवाज बसला अन् बसूनच राहिला, भाकरीचा घास अडकायला लागला किंवा मानेत बाजूला टणक गाठी लागल्या तर कापूस वेचणी चालू असली तरी सोडून या. हाशिमोटोत क्वचित लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) होतो, तो असाच झपाट्याने वाढतो.

अन् एक विचारतो. पहाटे वावरात जायच्या घाईत गोळी चहासोबतच घेता का? आशाताईंनी दिलेली लोहाची गोळीही त्याच घोटात? बहुतेक बाया तसंच करतात. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्यानं घ्या, अर्ध्या-एक तासानं चहा, अन् लोह-कॅल्शियम चार तासांनी, दुपारच्या शिदोरीसोबत ठेवलं तरी चालते. ही वेळ बदलली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच परत करा, कदाचित डोस कमी करावा लागेल.

पुढच्या सोनोग्राफीला हा जुना रिपोर्ट फिल्मसकट न्या, जमलं तर त्याच सेंटरला जा.