भेग कुठे पडली, ते आधी सांगा

गेल्या अंकात मी चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक बसवून भांडं कसं घडवायचं ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या निम्म्याहून जास्त पत्रांत एकच दुःख आहे : भांडं तडकलं. म्हणून या वेळी सर्वांत जास्त जागा त्याच प्रश्नाला देते.

*

ताई, लेखात सांगितल्याप्रमाणे तांब्याएवढं भांडं केलं. सकाळी चार वळ्या लावल्या, मग घरकामात अडकले, उरलेल्या चार संध्याकाळी लावल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर काठाला दोन उभ्या भेगा आणि बरोबर मधोमध एक आडवी भेग, अर्ध्या भांड्याला वेढा घालून गेलेली. पाणी लावून बुजवल्या, तर रात्री पुन्हा तिथेच उघडल्या. माती वाईट असेल का? (अकोला)

माती चांगली आहे. आणि तुम्ही भेगांच्या जागा लिहिल्यात हे फार बरं केलंत. भेग कुठे पडली यावरून ती का पडली हे बहुतेक वेळा कळतं.

आधी काठाच्या उभ्या भेगा. माती वाळते तेव्हा तिच्यातलं पाणी जातं आणि ती आकसते, साधारण शंभराला पाच ते आठ भाग. आकसण्याला आपला इलाज नाही. पण सगळं भांडं एकाच वेळी आकसलं तर काहीच बिघडत नाही. काठ पातळ असतो, वारा त्याला दोन्ही अंगांनी लागतो, म्हणून तो आधी वाळतो. तो आकसायला निघतो तेव्हा खालचं पोट अजून ओलं, फुगलेलं असतं. ते काठाला सोडत नाही. या ओढाताणीत काठ फाटतो. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात तर हे एका दुपारचं काम. काम थांबवलं की काठाभोवती ओलसर सुती कापडाची पट्टी गुंडाळा आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी सैल घाला. पोट उघडं राहू द्या, काठ झाकलेला. भांडं पूर्ण झाल्यावर आठवडाभर तरी पंख्यापासून आणि उन्हापासून दूर, पिशवीखाली ठेवा आणि रोज थोडी थोडी पिशवी उघडत न्या. आमच्या साताऱ्याच्या बाजूला पावसाळ्यात हेच वाळवणं तीन आठवडे चालतं, आणि तेव्हाची भांडी सर्वांत कमी तडकतात.

आता आडवी भेग. ती चौथ्या आणि पाचव्या वळीच्या मधेच आहे ना? सकाळची चौथी वळी संध्याकाळपर्यंत घट्ट झाली होती आणि तिच्यावर तुम्ही मऊ, ओली पाचवी ठेवलीत. वरून ती चिकटल्यासारखी दिसली, पण आत दोघी वेगळ्याच राहिल्या. पाचवी नंतर जास्त आकसली आणि सुटली.

दोन वळ्यांचा जोड हाच या कामाचा जीव आहे, त्यामुळे इथे मी जरा सविस्तर लिहिते. आधीची वळी घट्ट झाली असेल तर तिच्या माथ्यावर जुन्या काट्या-चमच्याने किंवा टूथब्रशने चांगलं खरवडा, तिरपं आणि उलटं तिरपं. त्याच मातीची दह्याएवढी दाट पेस्ट करून तिथे लावा. पाणी नको, पेस्टच. नवी वळीही खालच्या बाजूने खरवडून घ्या आणि बसवताना किंचित मागेपुढे हलवा. ती पकड घेते ते बोटांना कळतं. मग आतून अंगठ्याने वरच्या वळीची माती खालच्या वळीवर ओढा, संपूर्ण गोलभर, एकही जागा न सोडता. दुसऱ्या हाताचा तळवा बाहेरून टेकलेला असू द्या, नाहीतर भिंत बाहेर कलते. बाहेरच्या वळ्या शोभेसाठी तशाच दिसू द्यायच्या असतील तर खुशाल दिसू द्या, पण आतून मात्र एकही रेघ दिसता कामा नये. वळीची दोन टोकं जोडताना ती तिरपी कापा आणि प्रत्येक वळीचा सांधा वेगळ्या जागी येऊ द्या. सगळे सांधे एकाखाली एक आले की तिथे उभी भेग ठरलेली.

पाणी लावून भेग बुजवण्याबद्दल तुमच्यासारख्या अनेकींनी लिहिलं आहे. पाण्याने तेवढीच जागा पुन्हा फुगते आणि वाळताना पुन्हा आकसते, म्हणून भेग त्याच जागी परत येते. भांडं अजून नखाने खूण उमटण्याइतकं ओलं असेल तर भेग टोकदार काडीने आणखी रुंद करा, पेस्ट भरा, वर बारीक वळी दाबून बसवा आणि सगळं भांडं दोन दिवस बंद पिशवीत ठेवा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरेल. पूर्ण वाळून पांढुरकं झालं असेल तर दुरुस्ती करत बसू नका. बादलीत पाण्यात सोडा, थोड्याच वेळात विरघळून त्याचा गाळ होईल. गाळ कापडावर पसरून ठेवला की तीच माती पुन्हा हातात येते. भाजण्याआधी मातीचं काहीही वाया जात नाही.

*

आमच्या शेतातली काळी माती भरपूर आहे. शिवाय गणपतीची शाडूची माती घरात उरली आहे. यांतली कोणती वापरू? (लातूर)

सरावाला शाडू घ्या. मऊ असते, खडा नसतो, वळ्या सुरेख होतात आणि हात बसतो. मी ती भाजत नाही, आणि न भाजलेलं भांडं पाण्यात विरघळतं, म्हणून शाडूचं भांडं सुकी फुलं किंवा पेनं ठेवण्यापुरतं समजा.

शेतातल्या काळ्या मातीचं तुम्हालाच जास्त ठाऊक आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून त्या मिटतात. जी माती रानात इतकी आकसते ती भांड्यातही आकसणारच. शिवाय तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात. भांडं भाजताना त्यांचा चुना होतो आणि पुढे हवेतली ओल पिऊन तो फुगतो. मग काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, चांगल्या भांड्याची खपली उडते आणि तळाशी पांढरा ठिपका दिसतो. हे पाहिलं की फार वाईट वाटतं, कारण तोवर आपण ते भांडं कुणाला तरी दिलेलं असतं.

तुमच्या गावाजवळ तळ्याचा गाळ काढत असतील तर तिथला पोयटा आणा. पाण्यात भिजवून पातळ करा आणि जुन्या साडीतून गाळा. त्यात बारीक चाळलेली विटेची पूड मिसळा, चार वाट्या मातीला एक वाटी. भाजलेली विटेची पूड आता आकसत नाही, त्यामुळे माती कमी ओढते आणि तिच्यातून ओल बाहेर पडायला वाट राहते. आपल्याकडचे कुंभार याच कामासाठी राख आणि लीद घालतात. मग करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून पाहा. वाकताना ती तुकडे होऊन तुटली नाही तर माती चालेल. पूड चाळताना नाकाला ओला रुमाल बांधा आणि खाली सांडलेली धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती धूळ फुप्फुसाला वाईट असते.

*

माझ्या सासूबाई म्हणतात, चाकाशिवाय केलेलं भांडं म्हणजे मुलांचा खेळ. कुंभाराचं काम ते चाकावरचंच. मला उत्तर देता आलं नाही. (कराड)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, त्यांच्या माहेरी चूल कोण घालायचं? माझी आजी घालायची. माती, भुसा आणि शेण कालवून ती एक थर लावायची, तो हाताला लागेनासा झाला की दुसरा. आम्ही घाई केली तर म्हणायची, "खालच्याला वरच्याचं वजन पेलू दे." वळ्यांचं भांडं करताना मी तीन-चार वळ्यांनंतर थांबते ते तिच्याच या वाक्यामुळे. मऊ भिंतीवर आणखी वजन टाकलं की ती खाली बसते आणि भांड्याचं पोट सुटतं.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी बरीच वर्षं उत्खनन केलं. साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत चाकावरची नक्षीदार लाल भांडी मिळाली, तशी हातानं घडवलेली भरड भांडीही मिळाली. चार पायांचं एक मोठं मातीचं भांडंही मिळालं, ज्यात एका प्रौढ माणसाला बसल्या स्थितीत पुरलं होतं. माणूस मावेल एवढं आणि चार पायांचं भांडं चाकावर ओढून निघत नाही. तिथे चाक होतं, तरी काही कामं हातालाच सांगितली जात होती.

आणि नायजेरियाच्या लादी क्वाली. त्या पाण्याचे मोठे घडे वळ्यांनी घडवायच्या. भांडं जमिनीवर स्थिर असायचं आणि त्या स्वतः त्याच्याभोवती फिरत काम करायच्या. घडा इतका गोल उतरायचा की तो चाकाविना झालाय हे सांगावं लागे. त्यांच्या देशाच्या २० नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला आज त्यांचं चित्र आहे. मी मोठं भांडं करते तेव्हा तेही पाटावर असतं आणि मी त्याच्याभोवती फिरते. एका जागी बसून केलं की आपल्या बाजूची भिंत जाड होते आणि पलीकडची पातळ, हे तुम्हीही करून पाहा.

*

फ्लॅटमध्ये राहते. गॅसवर किंवा केकच्या ओव्हनमध्ये भांडं भाजता येईल का? (ठाणे)

नाही. ओव्हन २५० अंशांच्या आसपास थांबतो. माती कायमची घट्ट व्हायला, म्हणजे पुन्हा पाण्यात विरघळू नये यासाठी, निदान ६०० अंश लागतात आणि चांगल्या भांड्याला ९०० ते १०००. गॅसची आंच एकाच बाजूने लागते, भांडं फुटून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. जवळच्या कुंभाराला किंवा भट्टी असलेल्या स्टुडिओला विचारा. बरेच जण मोबदला घेऊन दुसऱ्याची भांडी आव्यात किंवा भट्टीत लावतात.

पण ओलं भांडं कृपा करून नेऊ नका. मी शिकत होते तेव्हा एका प्रदर्शनाची तारीख गाठायची म्हणून मी जाड बुडाचा रांजण चार दिवसांतच भट्टीत दिला. वरून तो कोरडा होता. आतल्या पाण्याची वाफ झाली, बूड फुटलं आणि शेजारी ठेवलेली इतर तिघींची भांडीही त्यात गेली. त्यांतलं एक एका मैत्रिणीने आईसाठी केलं होतं. आजही भट्टी लावताना ते आठवतं. म्हणून भांडं गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत पाणी आहे, अजून थांबा.

असं भाजलेलं भांडं माठासारखं झिरपतं, पाणी गार ठेवतं. त्यात दूध, ताक, लोणचं ठेवू नका. आणि हात धुतलेलं मातीचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. बादलीत राहू द्या, तळाशी माती बसली की वरचं पाणी झाडांना घाला.

*

आजी, मी सहावीत आहे. माझी वळी मधे जाड आणि टोकांना बारीक होते आणि चपटी पण होते. (सोलापूर)

बाळा, तुमच्याकडे दिवाळीत कडबोळी करतात ना? आई किंवा आजी ती वळते तेव्हा तिचे हात बघ. ती बोटांच्या टोकांनी दाबत नाही, बोटं पसरून हलकेच फिरवते आणि मधून कडेला सरकवत नेते. तू दाबतोयस, म्हणून वळी चपटी होते. झालीच चपटी तर तिला पाव फेरा फिरवून उभी कर आणि हलक्या हाताने पुन्हा वळ. खाली लाकडी पाट घे, त्यावर ओलसर सुती फडकं. कडाप्प्यावर माती चिकटते.

जाडी तुझ्या अंगठ्याएवढी ठेव. फार बारीक वळ्या लवकर वाळतात आणि जोड धरत नाहीत. बुडाखाली वर्तमानपत्राचा कागद ठेव, म्हणजे आकसताना बूड सरकेल आणि तडकणार नाही. पहिल्यांदा वाटीएवढंच कर. तीन वळ्या झाल्या की भांडं झाकून ठेव, हात धू आणि तासभर खेळायला जा. परत आलास की चौथी लाव.