कपाटात ठेवलेला फॉर्म

पत्र: ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही सतरा वर्षांपासून टेक्सासमध्ये, डॅलसला राहतो. माझा पंधरा वर्षांचा मुलगा स्काउटमध्ये आहे. त्याचा गट जुलैत न्यू मेक्सिकोतल्या फिलमाँट स्काउट रँचवर १२ दिवसांच्या ट्रेकला जाणार असून मुलांनी त्यालाच क्रू लीडर, म्हणजे तुकडीचा प्रमुख, निवडले आहे. वैद्यकीय फॉर्मवर पालकांची सही हवी आहे. तो फॉर्म मी तीन आठवड्यांपासून कपाटात साड्यांखाली ठेवला आहे आणि विचारले की 'सापडत नाही' असे सांगते. माझा धाकटा भाऊ अठराव्या वर्षी, भर पावसाळ्यात, घरी न सांगता मित्रांबरोबर एका गडावर गेला आणि कड्यावरून पडून गेला. मुलाला एवढेच ठाऊक आहे की मामा अपघातात गेला. मुलाला सौम्य दमा आहे. दम्याचे कारण पुढे करून नकार दिला तर चालेल का?
— एक आई

सस्नेह नमस्कार.

दम्याचे कारण पुढे करू नका. पंधराव्या वर्षी आईने सांगितलेली अशी गोष्ट मुलगा खरी मानतो आणि आपल्या छातीत काहीतरी कमी आहे ही समजूत पुढे कित्येक वर्षे बाळगतो. दम्याची काळजी खरोखर वाटत असेल तर तिचा निकाल डॉक्टरांना लावू द्या. त्या फॉर्मचा एक भाग डॉक्टरांनी तपासून भरायचा असतो. डॅलसच्या सखल भागातून गेलेल्या मुलाला तिथे सुमारे ६,७०० फुटांवरच्या तळापासून सुरुवात करावी लागेल आणि वाट बाल्डी माउंटनवरून जात असेल तर १२,४४१ फुटांपर्यंत चढावे लागेल, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. कोरड्या हवेचे आणि धुळीचे विचारा. एक इन्हेलर त्याच्या खिशात आणि दुसरा बरोबरच्या मोठ्या माणसाच्या सॅकमध्ये ठेवायचा का, तेही विचारा. एवढे ऐकून डॉक्टर 'या वर्षी नको' म्हणाले तर तो नकार खरा असेल, आणि खरा नकार मुले आपल्याला वाटते त्यापेक्षा समजुतीने घेतात.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त लागले ते भावाबद्दलचे एक वाक्य: 'घरी न सांगता गेला.' इतकी वर्षे तुम्ही ते मनात धरून आहात. मुलाने मात्र तारीख सांगितली, वाट सांगितली, फॉर्म आणून तुमच्या हातात दिला. मामाने जे केले नाही ते भाच्याने केले आणि तोच फॉर्म आज साड्यांखाली आहे. हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. ज्या घरातून एक मुलगा डोंगरावर गेला आणि परतला नाही, त्या घरातल्या बहिणीचा हात सही करताना थबकणारच. परंतु असे फॉर्म पुन्हा पुन्हा हरवू लागले, तर एक दिवस हाही मुलगा न विचारता जाऊ लागेल, याचे मला अधिक भय वाटते.

आता त्या जागेविषयी, कारण भीतीला माहितीचाही थोडा आधार लागतो. फिलमाँट सिमरॉन गावाजवळ आहे आणि सुमारे १ लाख ४० हजार एकरांत पसरलेले आहे. क्रूबरोबर किमान दोन प्रौढ असावेच लागतात. पहिले काही दिवस तिथला प्रशिक्षित रेंजर सोबत चालतो आणि नकाशा, पाणी शुद्ध करणे, तळ मांडणे हे सारे करून घेतो. २०१८ साली जवळच्या यूट पार्कचा वणवा पेटला तेव्हा त्या उन्हाळ्यातले ट्रेक रद्द करण्यात आले. म्हणजे थांबायचे कधी, हे ठरवणारी माणसे तिथे आहेत. धोका मुळीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. जुलैत दुपारनंतर विजांसह पाऊस येतो, म्हणून उंच धारेवरून लवकर खाली उतरावे लागते. 'दुपारी ढग जमू लागले तर क्रू लीडर म्हणून तू काय करशील?' असे मुलाला विचारा आणि त्याचे उत्तर मध्येच न तोडता ऐका. त्या उत्तरातून तुम्हाला माझ्या पत्रापेक्षा अधिक कळेल.

तुमचे हात रिकामे राहू नयेत म्हणूनही थोडे सांगते. नवे बूट आत्ताच घ्या आणि जुलैपर्यंत रोज पायात असू द्या. भरलेल्या सॅकचे वजन त्याच्या वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास असावे. ५५ किलोच्या मुलाने १४ ते १६ किलोंच्या वर नेऊ नये. आठवड्यातून दोनदा ती सॅक पाठीवर घेऊन त्याच्याबरोबर जिने चढा. तो काही पदार्थ खात नसेल तर पर्यायी शिधा देता येतो, त्याची चौकशी गटप्रमुखांकडे वेळेत करा. आणि सॅकच्या कुठल्याशा कप्प्यात मायेने मेतकुटाची पुडी किंवा दोन लाडू लपवण्याचा मोह कृपा करून आवरा. तिथे काळी अस्वले आहेत. ज्याला वास येतो ते सारे, अगदी टूथपेस्ट आणि ओठांना लावायचे मलमसुद्धा, रात्री एका पिशवीत भरून झाडांमध्ये ताणलेल्या तारेवर उंच टांगतात. विसरलेला एक लाडू तंबूपाशी अस्वलाला बोलावू शकतो. लाडू परतल्यावर द्या.

या शनिवारी, घाई नसेल अशा वेळी, फॉर्म कपाटातून काढा आणि मुलासमोर ठेवा. तो कुठे होता हे आधी सांगा. मग भावाचा फोटो काढा आणि मामा कसा होता, काय गात असे, कशावर चिडत असे, इथपासून सुरुवात करून शेवटच्या दिवसापर्यंत या. रडू आले तर येऊ द्या. मुलाने आईला रडताना पाहण्यात काही वावगे नाही. त्यानंतरही हात उचलला नाही तर सही यजमानांना करू द्या, आणि डॉक्टरांकडे मात्र मुलाला घेऊन तुम्हीच जा.

तुमची,
ताई